सहीचं पान

रखमाजी जाऊन सहा दिवस झाले, तरी मागच्या खोलीतून दुपारचा पानं उलटायचा आवाज काही थांबत नव्हता.

घरात बाकी कुणाला तो ऐकू येत नव्हता. सून म्हणायची, पत्रा तापतोय. पत्रा तापला की कसा वाजतो हे द्वारकाबाईला सांगायला सून नको होती. त्याच पत्र्याखाली तिची चाळीस वर्षं गेली होती. हा आवाज वेगळा होता. आधी बोट जिभेला लावल्याचं बारीक चट्, मग पान. परत चट्, परत पान. घाई नाही की कंटाळा नाही. हरवलेलं काही धुंडाळणारा माणूसच अशी पानं उलटतो.

ती दाराशी जाऊन उभी राहायची.

"मेलात तरी बोट ओलंच का तुमचं?" ती आत बघून विचारायची.

आवाज थांबायचा. ती वळली की परत सुरू.

तो काय शोधतोय हे सगळ्या शहागडात एकट्या द्वारकाबाईला ठाऊक होतं. कारण ते तिनंच लपवलं होतं.

रखमाजीला जमीन होती, मोसंबीची बाग होती, पण जीव होता तो हसायच्या चित्रांत. पुण्याकडून रद्दीचे गठ्ठे घेऊन निघालेले ट्रक हायवेवर चहाला थांबले, की हा मोसंबीचं पोतं खांद्यावर घालून तिथं हजर. मोसंबी द्यायची, जुने दिवाळी अंक घ्यायचे. घरी येऊन ब्लेडनं एकेक चित्र असं कापायचा की दाढी करतानाही हात इतका जपत नसेल. मग ते वहीत चिकटवायचं आणि खाली चिठ्ठी लावायची: कोणत्या अंकातलं, कधी मिळालं, कुठं मिळालं, देणाऱ्याचं नाव. देणाऱ्याचं नाव तो कधी चुकवायचा नाही. एखादा क्लीनर नुसता फाटका अंक देऊन गेला, तरी त्याचं नाव वळणदार अक्षरात. चित्रकारांनी सह्या केलेली तेरा पुस्तकं तर तो धोतरानं पुसायचा.

त्यातल्याच एका पुस्तकानं घात केला. शहाऐंशी साली जालन्यात एका चित्रकाराचा कार्यक्रम झाला. रखमाजी पुस्तक घेऊन रांगेत उभा राहिला आणि म्हणाला, बायकोच्या नावानं सही द्या. त्या माणसानं कोऱ्या पानावर चित्रच काढलं. हे एवढं मोठं कुंकू लावलेली, नथवाली बाई, तोंड उघडं, तोंडातून लाटणी, तांबे, कोंबड्या, एक अख्खी म्हैस बाहेर पडतेय, आणि खाली छत्री धरून बसलेला एक बारका माणूस, खुशाल हसत. खाली झोकदार सही.

रखमाजीनं ते घरी दाखवायच्या आधी हॉटेलात दाखवलं. दुसऱ्या दिवशी गिरणीत दळणाला गेली तर बाया विचारतात, "द्वारकाबाई, आज म्हैस कुणाच्या अंगावर सोडली?" ती आष्टीच्या पाटलाची लेक. तिच्या बापासमोर माणसं खोकायला भ्यायची.

ती काही बोलली नाही. बोलली असती तर परत म्हैसच निघाली असती. रखमाजी बागेत गेल्यावर तिनं त्याच्याच ब्लेडनं ते पान कापलं आणि चुलीशी गेली. पण चित्रातल्या बाईच्या कपाळाला कुंकू होतं, आणि छत्रीखाली तिचा मालक बसला होता. जित्या सवाशिणीचं तोंड आणि तिच्या नवऱ्याचं, दोन्ही जाळात कसं घालायचं? हात मागं आला. मग बैठकीतला बापाचा फोटो काढला, मागचा पुठ्ठा उचकटला, पान आत सरकवलं आणि तीन चुका ठोकल्या. सासऱ्याच्या फोटोला हात लावायची रखमाजीची छाती नव्हती.

तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी पुस्तकं पुसताना तो विचारायचा, "द्वारका, ते पान कुठं दिसलं का गं?"

"मी काय तुमच्या कागदांची राखण करून राह्यले?"

तो हसायचा आणि मागच्या खोलीत जायचा. मग चट्, पान. चट्, पान.

नवव्या दिवशी जालन्याहून भालचंद्रराव आले. कचेरीतून निवृत्त झालेले, रखमाजीसारखेच कागदवेडे.

"वहिनी, हा संग्रह आमच्या वाचनालयात ठेवू. कपाटावर त्याचं नाव घालू. फक्त ते एक पान मिळायला हवं होतं."

"बायकोची बदनामी काचेत लावायची लै हौस दिसती तुमाला."

"बदनामी? मी होतो तिथं. चित्रकारानं विचारलं, बायको कशी आहे? तर रखमाजी असा सुटला की मागची रांग खोळंबली. म्हणाला, ती बोलली नाही त्या दिवशी मला जेवण जात नाही."

द्वारकाबाईनं पदर तोंडावर ओढला. रडू आलं म्हणून नव्हे. तोंडातून काही निघेल म्हणून.

थोरला मुलगा धर्मराज त्यांना स्टँडवर सोडायला गेला, तशी तिनं फोटो उतरवला. पालथा केला आणि चुकांवरून बोट फिरवलं. तिनं तीन चुका ठोकल्या होत्या. पुठ्ठ्याला चार होत्या.

पान आतच होतं. खाली चिठ्ठी. ती दोनच इयत्ता शिकलेली. बोट ठेवत एकेक अक्षर लावायला तिला बराच वेळ लागला. कधी मिळालं: बारा जून एकोणीसशे एकोणनव्वद. कुठं मिळालं: सासरेबुवांच्या पाठीमागं. देणाऱ्याचं नाव:

पुढं कोरं.

म्हणजे गेली नऊ वर्षं त्याला ठाऊक होतं. नऊ दिवाळ्या तो विचारत राहिला, आणि नऊ वेळा तिनं त्याला तेच ऐकवलं. तो पान शोधत नव्हता. ते तिच्या हातून मिळायची वाट बघत होता.

त्या दुपारी मागच्या खोलीत काही वाजलं नाही. आत कुणी श्वास धरून बसावं तशी खोली गप्प होती.

दहाव्या दिवशी गोदावरीच्या घाटावर सगळं गाव होतं. आष्टीहून तिचे भाऊ, भावजया आल्या होत्या. पिंड मांडून घटका उलटली. लिंबावर कावळे बसले होते, मान वाकडी करून खाली बघत, एकही उतरेना.

"दादा, बाग इकत न्हाई," धर्मराज बापाच्या पिंडाला हात जोडून म्हणाला. "मायला अंतर देत न्हाई. एक कागद इकडचा तिकडं करत न्हाई."

भालचंद्रराव कपाटाचं बोलले. काही हललं नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

"थांबा," द्वारकाबाई म्हणाली.

पदराखालून तिनं पान काढलं. एका बाजूला सासर, एका बाजूला माहेर. तिनं पान उलगडून दोन्ही हातांनी वर धरलं.

"मी घेतल्तं हे. बापाच्या फोटोमागं मीच लपवल्तं. तुमाला ठावं व्हतं, मला ठावं न्हव्हतं. आता माझ्या हातानं देऊन राह्यले. लिवा माझं नाव."

सगळे पानाकडं बघत राहिले. मागं एका बाईला फिसकन हसू फुटलं. तिनं तोंडात पदर कोंबला, पण ते पसरलं होतं. द्वारकाबाईचा सख्खा भाऊ पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे गदगदत होते. धर्मराजला तर बापाच्या पिंडासमोर हसू आणि रडू एकदमच आलं.

तेवढ्यात एक कावळा उतरला. भाताचं शीत उचललं आणि नदीवर उडाला.

माणसांनी सुस्कारे सोडले, वहाणा शोधल्या. द्वारकाबाई तशीच पुढं पाण्याकडं गेली.

"आवो, थांबा की! एवढ्यात कुठं निघाले? इतके साल आडून इचारलं. एकदा तरी सरळ इचारायचं व्हतं, का घेतलंस म्हणून. मी सांगितलं असतं. गिरणीतल्या बाया काय बोलत व्हत्या ते सांगितलं असतं..."

"माय," धर्मराज जवळ आला, "शिवला ना कावळा. झालं. चल."

"तुझ्या दादाचं झालं. माझं न्हाई झालं अजून."

कावळा पार पलीकडच्या काठाला गेला होता, दिसतही नव्हता. घाट रिकामा होत गेला. वर टेम्पोवाला हॉर्न देत राहिला, आणि ती पाण्यात घोट्याइतकी उभी राहून पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात बोलतच राहिली.