खिळ्यावरचा आखूड क्रँक

उज्जैनमध्ये देवास गेटला माझं सायकलचं दुकान आहे. भिंतीत एक खिळा आहे. दुसऱ्या मिस्त्रीचं गचाळ काम हाती आलं की तो पार्ट मी खिळ्याला टांगतो आणि खाली खडूने त्या मिस्त्रीचं नाव लिहितो. लोक म्हणतात, गोपाळ माजलाय. माजलोच आहे. काम येतं मला.

त्या शनिवारी सुमीत एक सायकल तपासून घ्यायला घेऊन आला. हा बँकेतला साहेब. जखमी जवानांच्या मदतीसाठी उज्जैन ते पुणे सायकलयात्रा काढली होती त्याने. सायकल विक्रांत जांभेकरांची. माधव नगरचे, फौजेतले रिटायर्ड हवालदार. सुरुंगात डावा पाय मांडीतून गेला, आता कृत्रिम पाय लावतात.

बघतो तर डावा क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, उजव्यापेक्षा इंचभर आखूड! डोकंच फिरलं. देशासाठी पाय दिलेल्या माणसाच्या गळ्यात कुणी भंगार मारलं? मी पूर्ण मापाचा नवा क्रँक बसवला. आखूड खिळ्याला टांगला. काम कुणाचं ते माहीत नव्हतं, म्हणून खाली लिहिलं, ‘कोण गाढव?’ कुणाला विचारलं नाही. मी विचारत नाही.

रविवारी सकाळी सहाला यात्रा निघायची म्हणून नानाखेड्याला सगळे जमले. शाल, नारळ, भाषणं. पाऊण तास विक्रांतरावांना उभं ठेवलं आणि बोलणारे खुर्च्यांवर. एकदाचा झेंडा हलला. विक्रांतरावांनी पॅडल मारलं, अर्धा फेरा झाला आणि ते सायकलीसकट आडवे.

“क्रँक कुणी बदलला?” त्यांनी पडल्या पडल्याच विचारलं.

“मी.”

“या पायाचा गुडघा एवढा वाकत नाही हो दादा. मुद्दाम आखूड ठेवलेला तो.”

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. सुमीत धावत आला. “काका, टेन्शन नको. सोबतच्या गाडीत बसा ना. फोटो तर हो गये. पुण्याच्या अलीकडे उतरा, बस.”

“पुण्याला फौजेच्या इस्पितळात कणा मोडलेली जवान पोरं पडलीत, सुमीत. त्यांना शब्द दिलाय, एक किलोमीटरही गाडीत बसणार नाही. रोज फोन करून विचारणार ती. तू बोलशील त्यांच्याशी?”

विक्रांतरावांनी तिथेच पाय काढला, कॅरियरला बांधला आणि माझ्याकडे वळले. “जुना आहे ना?”

“आहे. दुकानात.”

“मग आणा. मी पुढे होतो.”

“एका पायाने?”

“दुसरा कुठून आणू?”

आणि निघाले. उजवा पाय पॅडलच्या पट्ट्यात अडकवून, डुगडुगत, पण निघाले. टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

मी स्कूटर हाणली. दुकानातून क्रँक उचलला, पाने उचलले आणि इंदूर रोड धरला. वाटलं, वाटेतल्या त्रिवेणी घाटापाशी थकून बसलेले असतील. नव्हते. पार पुढे, बारा किलोमीटरवर दिसले. शर्ट भिजून पाठीला चिकटलेला, मांडी थरथरत होती. यात्रेतले बाकीचे चौघे सायकलवाले त्यांच्या मागे रांगेत. एकही पुढे जायला तयार नव्हता.

बाभळीखाली बसून मी क्रँक बदलला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी नट दोनदा आवळून पाहिला.

“याच्याखाली काय लिहिलं होतं, सांगू?” मी म्हणालो. “कोण गाढव.”

पाणी पिता पिता ते एवढे हसले की घोट नाकात गेला. “अहो, मीच तो! सात वेळा पडलो तेव्हा हे माप सापडलं. घरी, करवतीने कापून पॅडलचं भोक नव्याने पाडलंय.”

त्यांनी पाय चढवला आणि पॅडल दाबलं. फेरा पूर्ण झाला.

नवव्या दिवशी पुण्याहून सुमीतचा फोन आला. गाडीची मागची सीट शेवटपर्यंत रिकामी होती.

खिळ्याला आता पूर्ण मापाचा, कोरा, चकचकीत क्रँक टांगलाय. ‘कोण गाढव?’ पुसलेलं नाही. खाली लिहिलंय, ‘गोपाळ, देवास गेट.’ आता सायकल आली की आधी मालकाला बोलावून घेतो आणि विचारतो.