उरलेल्या फितीतलं गाणं

टेपवाल्या काकांनी कॅसेटच्या दातेरी भोकात पेन्सिल घातली आणि बाहेर लोंबणारी फीत जपून आत ओढायला सुरुवात केली. एक पीळ निघाला, दुसरा निघाला. ती काउंटरला धरून उभी होती, जणू आतल्या खोलीत कुणाचं ऑपरेशन चाललंय.

"यंत्रानं खाल्लीय," काका म्हणाले, "पण गिळली नाही. निघेल."

"शेवटचं गाणं तेवढं जाऊ देऊ नका. बाकीची कुठंही मिळतात."

पुढच्या बाजूला काकांची सून मोबाइलची कव्हरं विकत होती. काकांच्या वाट्याला मागचा कोपरा उरला होता. एक टेबल, दोन जुनी यंत्रं, आणि लोकांच्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचं काम. एके काळी याच दुकानात लोक यादी घेऊन यायचे आणि कोऱ्या कॅसेटवर आपल्या आवडीची जुनी हिंदी गाणी भरून न्यायचे. लग्न ठरल्यावर तिच्या नवऱ्यानं तिला तशीच एक भरून दिली होती. त्यालाही आता एकतीस वर्षं झाली.

नवरा ड्राफ्ट्समन. कॅसेटच्या कागदावर त्यानं छापल्यासारख्या अक्षरांत अकरा गाणी लिहिली होती, क्रमांक घालून. अकराव्याखाली शाईच्या दोन रेघा. विषय संपला.

पण कॅसेटवर गाणी होती बारा. दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, एक बाई संथ आवाजात कुणाला तरी सांगायची, की मी दाराला कडी घातलेली नाही, तू आपला कधीही ये. ते गाणं तिनं ना आधी कधी ऐकलं होतं, ना नंतर कुठं ऐकलं. माणूस बोलायला महा कंजूष. तेव्हा जे तोंडानं सांगवत नाही ते त्यानं नाव न लिहिता शेवटी ठेवून दिलंय, अशी तिनं आपली समजूत करून घेतली. पुढं तेच गाणं तिच्या ओठांवर बसलं. ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. घासताना गुणगुणायची. "ताई, तुमच्या गाण्यावर कवळ्यासुद्धा दात विचकतात," असं तिथला मदतनीस म्हणायचा.

आणि नवरा? ते गाणं लागलं की तो उठायचा. पाणी प्यायला, नाहीतर नळ नीट बंद आहे ना ते बघायला. लाजतो बिचारा, असं तिला वाटायचं. एकतीस वर्षं लाजणारा नवरा कुणाच्या नशिबी असतो?

काकांनी कॅसेट यंत्रात सरकवली. थोडी खरखर झाली आणि बाई गाऊ लागली. काकांची पेन्सिल हातातच राहिली.

"अरे," ते म्हणाले, "ही अजून आहे का?"

"तुम्हाला माहीत आहे हे गाणं?"

"माहीत? मीच तर घातलंय ते." त्यांनी सिनेमाचं नाव सांगितलं, गाण्याचं सांगितलं, गाणारीचंही सांगितलं. तिन्ही नावं तिनं उभ्या जन्मात ऐकली नव्हती. "पडेल सिनेमा. तीन दिवसांत उतरला. गाणं मात्र बघा. पण यादीत कुणी लिहायचंच नाही. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही ते मागणार कोण?"

"मग यांच्या यादीत..."

"यादीत नव्हतंच, ताई. भरून झाल्यावर शेवटी फीत उरायची. तीन-साडेतीन मिनिटं. कोरी कशाला सोडायची? मी आपलं हे टाकून द्यायचो. निदान दोनशे कॅसेटवर तरी टाकलं असेल. म्हटलं, चार घरांत वाजेल, बाई जगेल."

"दोनशे," ती म्हणाली.

"जास्तच."

तिनं पर्स उघडली, आत बघितलं आणि काहीही न काढता बंद केली.

"कुणी विचारायला नाही आलं कधी? हे जास्तीचं गाणं कुठलं म्हणून?"

"इतक्या वर्षांत दोघं. एक तुम्ही." काका हसले. "दुसरा एक तरुण होता. लग्न होऊन आठवडा झाला असेल नसेल. खिशाला ओळीनं तीन पेन्सिली. 'मी अकरा लिहून दिली होती, बारावं कुणी भरलं?' म्हणून आला. चेहरा असा, की मला वाटलं भांडणार हा. तेव्हा एक-दोघांनी गाण्यांच्या क्रमावरून माझं डोकं खाल्लं होतं. मी सरळ हात झटकले. म्हटलं, मी नाही बुवा. कॅसेट ज्यांच्याकडं होती त्यांना विचार, नंतर कुणीतरी भरून दिलं असेल."

"मग?"

"मग काय? 'बरं' म्हणाला आणि गेला."

बाई गातच होती. लग्नाआधी चार महिने कॅसेट तिच्या माहेरी होती, एवढं एकच तिला त्या क्षणी आठवलं.

घरी जाताना ती एक वळण चुकली. पुढं जाऊन परत आली. आपल्याला रडायचंय की हसायचंय हेच तिला कळेना. तिचं म्हणून तिनं जे एकतीस वर्षं जपलं ते दोनशे घरांत वाटलेलं निघालं होतं, आणि ज्याला ती लाजणं समजत होती ते... मुलगी झाली तेव्हा, घर बांधलं तेव्हा, तिच्या तापात कपाळावर घड्या ठेवत तो रात्रभर बसला तेव्हा, दर वेळी ते त्याच्या पोटात होतंच की काय? तिला त्याचा राग यायला हवा होता. तो येता येता वाटेतच कुठंतरी राहिला.

नवरा जेवणाच्या टेबलाशी पेन्सिलीला टोक करत बसला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी टोकं व्हायचीच.

"झाली का दुरुस्त?"

"झाली. बाराही गाणी वाचली."

"अकरा," तो म्हणाला. मान वर केली नाही.

तिनं कॅसेट त्याच्यासमोर ठेवली. खुर्ची ओढून बसली.

"बारावं दुकानदाराचं आहे, अहो. फीत उरली की तो आपल्या मनानं टाकायचा. तुम्ही विचारायला गेलात तेव्हा खोटं बोलला."

पेन्सिलीचं सालपट लांब होत होत तुटलं. त्यानं ते बोटानं टेबलाच्या कडेला नेलं, परत आणलं.

"कुणी तुझ्यासाठी मुद्दाम घातलेलं नाही?"

"नाही. सगळ्यांनाच."

"सगळ्यांना?"

"दोनशे जणांना."

तो उठला. स्वयंपाकघरात जाऊन नळ बघून आला. नळ बंदच होता. परत येऊन बसला. चष्मा काढून पुसला आणि न लावताच हातात धरून ठेवला.

"तू इतकी गुणगुणायचीस," तो म्हणाला. एवढंच.

"मला वाटायचं, तुम्ही घातलंय."

शेजारच्या घरात कुणीतरी कपाट सरकवत होतं. ते थांबेपर्यंत दोघांनी ते ऐकून घेतलं.

मग त्यानं चष्मा लावला, कॅसेटमधला कागद काढला आणि हातानं सपाट केला. शाईच्या दोन रेघांखाली नव्या टोकाच्या पेन्सिलीनं बाराचा आकडा लिहिला. पुढं टिंब दिलं. अक्षर अजून तसंच होतं.

"नाव काय गाण्याचं?"

काकांनी सांगितलं होतं, अगदी स्पष्ट सांगितलं होतं. पण वाटेवरच्या त्या सगळ्या गोंधळात नाव कुठं गळून पडलं कोण जाणे.

"विसरले," ती म्हणाली.

त्याची पेन्सिल टिंबापुढं थांबून राहिली. तिनं पहिली ओळ हळूच गुणगुणायला घेतली, नावासाठी म्हणून. दुसरी ओळ आली, कडवं सुरू झालं. नळाकडं जायला वाट मोकळी होती. तो बसून राहिला.