गाळलेल्या फ्रेमा

थोरलीच्या लग्नाची डिस्क घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लावली की चित्र दम खात खात पुढे सरकायचं. त्यातल्या एकाच जागेवर आई अडून बसली होती. जेवणाच्या टेबलापाशी बाबा काकांशी काहीतरी बोलत होते आणि स्टुडिओवाल्याने नेमकी त्यावर गाण्याची धून चढवली होती. त्याच रात्री बाबा झोपेत गेले.

"काय म्हणत होते हो हे?" आईने काकांना इतक्या वर्षांत कितीदा तरी विचारलं होतं.

"आइस्क्रीम पुरेल का म्हणत होता दादा. दुसरं काय, वहिनी!"

आईला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. माणसांचे ओठ वाचूनच तिने संसार केला. तिला धुनेची अडचण नव्हती. अडचण कॉम्प्युटरची होती.

धाकटी भौतिकशास्त्र शिकलेली. तेवढा तुकडा हलका व्हावा म्हणून तिने दर सेकंदाच्या अर्ध्या फ्रेमा गाळून तो नव्याने बनवला. चित्र सुरळीत चाललं. तिने कॉलर ताठ केली.

"शब्द गिळतायत गं," आई म्हणाली. "तिकडे जाऊनही घाईच!"

धाकटीने कपाळावर हात मारला. एका अक्षराला ओठ जेमतेम दोन-तीन फ्रेमा थांबतात. तिने त्याच फेकल्या होत्या. मग फ्रेमा सगळ्या ठेवून तिने चित्रच चारी बाजूंनी कापलं. उरला फक्त बाबांचा चेहरा. कॉम्प्युटर बराच वेळ घरघरत राहिला.

तेवढ्यात काका आले आणि चहाची कपबशी घेऊन मागे उभे राहिले. "अजून तेच? आइस्क्रीमच निघणार. लाव पैज!"

तुकडा सुरू झाला. पडद्याला नाक लावून आई तिच्या सपाट आवाजात वाचू लागली.

"छातीत दुखतंय रे... मघापासून. डॉक्टरकडे नेतोस का?... बरं. पाहुणे गेल्यावर म्हणतोस, तर तसं."

आईने तुकडा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेच शब्द. आइस्क्रीम कुठेच नव्हतं.

मागे काकांनी कपबशी टेबलावर आदळली. धाकटीने दचकून मागे पाहिलं, तशी आईही वळली.

"मला वाटलं, पित्त असेल..." काका पुटपुटले. धाकटीने ते ऐकलं, पण आईला सांगायला तिचे ओठ हलेनात.

काकांनी तोंडावर हात धरला होता.

"हात काढा, भाऊजी," आई म्हणाली. "आणि पुन्हा सांगा."