भोपूची छोटी कॅसेट

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आईची मधली नजर गेलीच होती. कडेची थोडी उरली होती, तीही फार दिवसांची सोबती नव्हती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई एवढंच म्हणाली, "बेबी, मला एकदा भोपू दाखव."

बेबी पन्नाशीला टेकली होती, पण आईसाठी बेबीच. भोपू तिचा धाकटा भाऊ. त्याने भोकाड पसरलं की सगळी गल्ली गोळा व्हायची, म्हणून भोपू. सहाव्या वर्षी तापाचं निमित्त होऊन तो गेला. त्याचं हलतंबोलतं असं एकच काही उरलं होतं: तो अंगणात तीनचाकी चालवत असताना मामाने केलेलं शूटिंग. मामाने ते मोठ्या कॅसेटवर उतरवून दिलं होतं आणि आई ते वर्षानुवर्षं व्हीसीआरवर लावून बघायची.

बारा वर्षांपूर्वी बेबीनेच ते डीव्हीडीवर घेतलं. "आता कायमची काळजी मिटली," असं म्हणून व्हीसीआर आणि कॅसेट दोन्ही भंगारात दिले. आई म्हणाली होती, "राहू दे की कपाटात. खायला मागते का ती?" बेबीने ऐकलं नव्हतं.

त्या दुपारी तिने डीव्हीडी लावली. यंत्र घरघरलं आणि पडदा निळाच राहिला. तिने डीव्हीडी पुसली, धुतली, शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली. शेवटी उजेडासमोर धरली, तर सुईने टोचल्यासारखी भोकंच भोकं.

"ताई, हिचा चंदेरी थरच उडालाय," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याच्या दुकानात उघड्या पोटाचे टीव्ही छतापर्यंत रचलेले होते. "हिच्यात आता काही नाही. मूळ कॅसेट आणा."

"ती भंगारात दिली. मीच."

त्याने डीव्हीडी कागदात गुंडाळून तिला परत दिली. त्याने चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पुढचे तीन दिवस ती भंगारवाल्यांच्या दारात उभी राहिली. बारा वर्षांपूर्वीची कॅसेट. विचारताना तिलाच लाज वाटायची, तरी विचारायची. चौथ्या दिवशी भाजी चिरताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: मोठी कॅसेट तर नक्कल होती. मामाच्या कॅमेऱ्यात छोटी कॅसेट असायची.

ती तशीच विळी टाकून मामाकडे गेली. मामाने तीन बॅगा उपसल्या. तळाशी, मोज्यात गुंडाळलेली, तळहाताएवढी कॅसेट निघाली. वर मामाच्या अक्षरात ‘भोपू, सायकल’. आतल्या फितीवर पांढरी बुरशी आली होती.

दुरुस्तीवाल्याने ती भिंगाखाली उलटसुलट पाहिली. "साफ करतो. पण फीत कडक झालीय. एकदा चालली तर चालली, पुन्हा चालेल याचा भरवसा नाही. जेवढी चालेल तेवढी कॉम्प्युटरवर घेतो. आजींना इथेच घेऊन या."

दुसऱ्या सकाळी आई त्या दुकानात टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली. आधी नुसत्या रेघा आल्या. मग अंगण आलं, आणि अंगणात दहा वर्षांची बेबी. फ्रॉकचा घेर धरून कॅमेऱ्यापुढे गिरक्या घेणारी. तिच्यामागे तीनचाकीचं एक चाक तेवढं दिसत होतं.

आईने मान भिंतीकडे वळवली.

"आजी, टीव्ही इकडे आहे," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे. मला असंच दिसतं." डोळ्याच्या कोपऱ्यातून आई बघत होती. जराशाने ती कळवळून म्हणाली, "बेबी, बाजूला हो गं."

आणि दुकानात उभी असलेली बेबी दोन पावलं बाजूला सरकली.

पडद्यावरची बेबी मात्र हलेना. मामाचा आवाज आला, "अगं, भोपूला येऊ दे." मग एकदाचा तो आला. हँडलवर ओणवा, मोठ्याने काहीतरी ओरडत, थेट कॅमेऱ्याच्या दिशेने. तेवढ्यात यंत्र किंचाळलं. चित्र थरथरलं आणि गेलं. दुरुस्तीवाल्याने धावत बटण दाबलं, झाकण उघडलं. आत फितीचा नुसता गुंता झाला होता.

"पुढचं गेलं, ताई," तो म्हणाला. कॉम्प्युटरवर चाळीस सेकंद आले होते. त्यात भोपू होता सात सेकंद. बाकी सगळी बेबी.

बेबी तिथेच एका खोक्यावर बसली. "तेव्हाही मीच आड आले, आई. आणि नंतरही मीच."

"पुरे," आई म्हणाली. "लावा परत."

घरी ते चाळीस सेकंद रोज लागायचे. आई मान भिंतीकडे करून बसायची, बेबी लावत राहायची. सातव्या आठवड्यात एका सकाळी बेबीने टीव्ही लावला, तर आई सरळ पडद्याकडे तोंड करून बसलेली. कुठेच मान वळवली नाही तिने. बेबीच्या हातातला रिमोट तसाच राहिला.

"आवाज वाढव," आई म्हणाली.