डावा कोपरा धुऊ नका

मित्रांनो, मला जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, नाहीतर सरळ सरपण म्हणा, मी कशालाच रागावत नाही. मी बाभळीच्या लाकडाची गव्हाण आहे. शहरातल्या पोरांना गव्हाण कळत नाही म्हणे, म्हणून सांगते. गोठ्यात जनावरांपुढे चारा टाकायची लांबट पेटी असते ना, ती मी. साखरखेर्ड्याहून दुसरबीडकडे जाताना आडवाटेला निंबखेड नावाचं गाव आहे. तिथल्या महादेवरावांच्या गोठ्यात माझा जन्म गेला. मला डोळे नाहीत, पण अंगावर आणि भोवताली जे जे घडतं ते सगळं मला कळतं. आणि तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात माझ्या अंगावर जे घडलं, ते आठवलं की अजून माझं लाकूड शहारतं. जरा सरकून बसा, सांगते.

महादेवराव चड्डीत हिंडणारं पोर होते तेव्हाची गोष्ट. वादळात त्यांच्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, बाभूळ पडली आणि त्यांच्या वडिलांनी रहेमतुल्ला मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री तेव्हा तरणेबांड होते. त्यांनी मला एकही खिळा न मारता, लाकडी खुंट्या ठोकून जोडलं. मग फुटक्या काचेच्या तुकड्याने माझी आतली बाजू दोन दिवस घासत बसले, आणि शेवटी स्वतःचा गाल माझ्या कडेवरून फिरवून बघितला.

महादेवरावांचे वडील हसले. "मिस्त्री, बैलाले खाऊ घालाचं हाय, नवरदेवाले नाई!"

"जनावराची जीभ हाय, मालक," मिस्त्री म्हणाले. "काटा रुतला तं सांगनार कोनाले ते?"

मला घडवायला असा माणूस मिळाला, हे माझं नशीब. पुढे कितीतरी बैल माझ्यात तोंड घालून जेवले. डुरकणारे, हावरट, शेजाऱ्याच्या वाट्याचं खाणारे, सगळे. त्यांच्या जिभांनी मी इतकी गुळगुळीत झाले की सांगायची सोय नाही.

आता नाताळचं सांगते. आमच्या गावात ख्रिस्ती घरं चारच. त्यांतल्या मनकर्णाबाईंचे सासरे एका डिसेंबरात गोठ्यात आले आणि म्हणाले, "मालक, तुमचा गोठा एका सांजेपुरता पाह्यजे."

"काऊन? तुमच्या घरी जागा नाई काय?"

"जागा हाय. पन येशू दुसऱ्याच्या गोठ्यात जल्मला होता, गव्हानीत निजला होता. आमच्याच घरात केलं तं ते खोटं होईन."

महादेवरावांचे वडील मिशीवरून हात फिरवत हो म्हणाले. तेव्हापासून पन्नास वर्षं नाताळच्या आदल्या सांजेला येशूजन्माचा देखावा मांडायचा हा रिवाज चालू आहे. लोक त्याला 'जित्ता देखावा' म्हणतात, कारण त्यात खोटं काही चालत नाही. गाय खरी, सहदेव धनगराची मेंढरं खरी, आणि माझ्यात निजवायचं लेकरू म्हणजे त्या दिवशी गावात जे सगळ्यांत लहान असेल ते. मग ते कोणत्याही घरचं असो, कोणत्याही देवाला मानणारं असो. प्रत्येक घराने एक ओंजळ कुटार आणून माझ्यात टाकायचं, म्हणजे बाळाचं अंथरूण सगळ्या गावाचं. कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा हो, आमच्याकडे जनावरं त्याच्यावरच जगतात.

आणि चोवीस तारखेला दुपारी माझी अंघोळ! मनकर्णाबाई नवी सून होती तेव्हापासून हे काम तिच्याकडे आहे. लिंबाचा पाला घालून कढत पाणी आणायची आणि नारळाच्या काथ्याने मला अशी घासायची की माझी सालं निघायची बाकी राहायची. वर्षभराचा लाळेचा, शेणाचा, घामाचा वास एका दुपारीत गायब. मी मनातल्या मनात खूप कुरकुर करत असे, पण खरं सांगू? नोव्हेंबर संपला की मी त्या पाण्याची वाट बघायला लागायची.

दिवस बदलले. बैल गेले, ट्रॅक्टर आला. गोठ्यात उरली एकटी चंद्री. कपाळावर पांढरा चांद असलेली तांबडी गाय, महादेवरावांच्या जिवाचा तुकडा. त्यांचा मुलगा कुलदीप हुशार आणि टापटिपीचा. त्याने भिंतीला लागून सिमेंटची नवीकोरी गव्हाण बांधली. मला वाटलं, झालं, आता आपण चुलीत. पण त्या दिवाळीत चंद्रीला वासरू झालं आणि त्याने मला वाचवलं. ते लबाड थेट माझ्यात चढून कुटारावर झोपायचं. हनुवटी ठेवायचं माझ्या डाव्या कोपऱ्यात, रोज तिथेच. चंद्री खाता खाता त्याला चाटायची, निम्मं चाटणं त्याला आणि निम्मं मला. इतकं सुख मला आधी कधीच मिळालं नव्हतं.

नाताळ आठवड्यावर आला आणि वासरू आजारी पडलं. पोट फुगलं, दोन दिवस तडफडलं आणि तिसऱ्या पहाटे माझ्या त्या कोपऱ्यातच त्याची मान लवंडली. त्याला नेऊन पुरलं. चंद्री तशीच माझ्यात नाक खुपसून उभी राहिली, हंबरत राहिली. तिचं हंबरणं ऐकून महादेवराव जेवणाच्या ताटावरून उठले.

कुलदीपला ते बघवेना. तो म्हणाला, "आबा, हे गव्हान दिसली का तिले वासरूच आठवते. हे इथून काढून टाकतो. नजरेआड झालं का इसरन ते."

महादेवरावांनी त्याला अडवलं नाही. मुलगा मायेपोटीच बोलत होता, हे त्यांना कळत होतं. कुलदीपने मला ओढत नेलं आणि उकिरड्यामागे तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगाखाली टाकलं. त्या दिवसापासून चंद्रीने खाणंच सोडलं.

मी ढिगाखालून सगळं ऐकत होते. सिमेंटच्या गव्हाणीत हिरवा घास टाकला, सरकीची ढेप टाकली, गूळ टाकला. तिने हुंगूनही बघितलं नाही. डॉक्टर आले, सुया टोचल्या, आणि जाताना म्हणाले, "आजार काही नाही. पण दोन दिवसांत खाल्लं नाही तर गाय हातची जाईल." पाचव्या दिवशी ती खाली बसली ती उठेचना. तो दिवस नेमका चोवीस डिसेंबरचा होता.

दुपारी मनकर्णाबाई कढत पाण्याची बादली घेऊन हजर! सत्तरीची म्हातारी, पण चाल अजून तुरुतुरु.

"माही गव्हान कुठी हाय?" तिने आल्या आल्या विचारलं.

महादेवराव खाली बघत म्हणाले, "काकू, औंदा राहू द्या. गाय मरून राह्यली माही. कोनत्या तोंडानं देखावा करू?"

"मरून राह्यली?" म्हातारी चंद्रीपाशी बसली. तिच्या कानामागे हात फिरवला. "अवं माय! कान थंडेगार पडले बापा हिचे." मग महादेवरावांकडे वळून म्हणाली, "महादेव, पन्नास वर्सं तुह्या घरानं आमच्या आनंदाले जागा देली. आज तुह्यावर वेळ आली तं आमी दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ काय? इथंच होईन देखावा. नाई गाऊ आमी, नाई वाजवू. नुसते बसू तुह्यापाशी. पन गव्हान पाह्यजे."

कुलदीपने मान खाली घालून सांगितलं की आपण ती कुठे टाकली. वरच्या तुराट्यांचा ढीग उपसायलाच दिवस कलला. मला बाहेर काढेपर्यंत लोक जमू लागले होते आणि बादलीतलं पाणी केव्हाच गार झालं होतं. परत तापवायला वेळ कुठला, आणि आता धुतलं तर लाकूड वाळणार कधी? मनकर्णाबाई रडकुंडीला आली.

"कधी नाई ते आज लेकराले अशा घाणीत ठेवू काय मी?" ती पुटपुटत होती. लुगड्याच्या पदराने तिने माझ्यावरची माती तेवढी झटकली. पदर डाव्या कोपऱ्यापर्यंत आला, तिथे वासराचे चार तांबडे केस चिकटले होते. ते बघून तिचा हात थांबला. तिने तो कोपरा तसाच सोडला.

मग घराघरांतून ओंजळी आल्या. कोणाचं सोयाबीनचं कुटार, कोणाचं हरभऱ्याचं. रहेमतुल्ला मिस्त्री आता काठी टेकत चालतात, तेही आले. आपली ओंजळ टाकून त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "अजून काटा नाई."

त्या वर्षी गावातलं सगळ्यांत लहान लेकरू होतं धम्मशीलेचं, दोन महिन्यांचा प्रज्वल. मनकर्णाबाईने कुटारावर मऊ गोधडी अंथरली आणि धम्मशीलेने त्याला माझ्यात ठेवलं. दिवेलागण झाली होती. एकच कंदील लावला होता. गाणं नाही, टाळ नाही. सहदेवाची मेंढरंसुद्धा गुमान उभी होती. आणि प्रज्वलने भोकाड पसरलं.

तेव्हा चंद्रीचा कान हलला.

ते आधी महादेवरावांनी पाहिलं. त्यांनी कुलदीपचा हात घट्ट धरला. चंद्रीने मान उचलली. पुढचे गुडघे टेकवले, घसरली, पुन्हा टेकवले. पाच दिवसांची उपाशी गाय ती, पाय लटलट कापत होते. पण उठली, मित्रांनो! उठली आणि माझ्याकडे चालू लागली. लोकांनी मागे सरून वाट दिली. एवढी मोठी शिंगं लेकरावर येताना बघून धम्मशीला पुढे झेपावली.

"थांब पोरी," मनकर्णाबाई म्हणाली. "माहा हात हाय लेकरावर. थांब जराशी."

धम्मशीला थांबली. एका आईने थांबायचं म्हणजे काय असतं, ते तिच्या श्वासावरून मला कळत होतं.

चंद्रीने आधी बाळाकडे बघितलंच नाही. तिचं नाक माझ्या कडेकडेने फिरत फिरत डाव्या कोपऱ्यात आलं आणि तिथे थबकलं. मग तिने चाटायला सुरुवात केली. खरखरीत, गरम जीभ. एकदा, दोनदा, दहादा. तिच्या पोटातून असा हंबरडा आला की माझ्या खुंट्या थरथरल्या. आणि गोठ्यातल्या शांततेत टपटप आवाज आला. चंद्रीला पान्हा फुटला होता. दुधाचे थेंब जमिनीवर पडत होते.

मग तिने मान वळवली. तिचा ऊन ऊन श्वास प्रज्वलच्या अंगावरून गेला आणि तो रडायचा थांबला. टकामका तिच्या नाकपुड्यांकडे बघत राहिला. ती त्याला हुंगत होती आणि माझ्या एका टोकाला एक आई होती, दुसऱ्या टोकाला दुसरी. सहदेवाने डोक्याचं मुंडासं काढून छातीशी धरलं होतं. चंद्रीने प्रज्वलच्या पायाजवळचं कुटार जिभेने ओढलं, एक घास. आणि चावू लागली.

"खाल्लं," महादेवराव म्हणाले. "खाल्लं वं काकू, खाल्लं तिनं!" आणि एवढा मोठा बाप्या माणूस मातीत बसून ढसाढसा रडला. कुलदीप माझ्या कोपऱ्यावर हात ठेवून उभा होता. तोही रडत होता. "मले वाटलं, नजरेआड केलं का बरं होईन," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

गावात कोणी म्हणालं चमत्कार, कोणी म्हणालं वासराचा वास. डॉक्टरांनी तर पुस्तकातलं कारण सांगितलं. मी लाकूड आहे, मला यातलं काय कळणार? मला एवढंच माहीत आहे की दरवर्षीसारखी मी त्या दुपारी धुतली गेले असते, तर चंद्री आज नसती.

दुसऱ्या दिवशी कुलदीपने मला स्वतः उचलून माझ्या जागी ठेवलं. सिमेंटच्या गव्हाणीत आता कोंबड्या अंडी घालतात, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा आनंद होतो. पुढच्या वर्षी चंद्रीला कालवड झाली. तीही डाव्या कोपऱ्यातच हनुवटी ठेवून झोपते. तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

मित्रांनो, जाता जाता म्हातारीचं एक ऐका. आमच्यासारख्या जुन्या वस्तू फेकायच्या असतील तर जरूर फेका, पण आधी घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या. ज्यांना बोलता येत नाही त्यांनाही. आणि कोणी रडत असेल तर त्याच्या समोरून त्याच्या माणसाच्या खुणा घाईने उचलू नका. त्याला त्या हुंगू द्या, चाटू द्या, वेळ द्या.

मनकर्णाबाई अजूनही चोवीस तारखेला कढत पाणी आणते. मला काथ्याने तशीच खसाखसा घासते. फक्त डाव्या कोपऱ्यापाशी आली की बादली खाली ठेवते आणि तिथे नुसता तळहात ठेवून थोडा वेळ बसते. तिच्यानंतर हे काम तुमच्यापैकी कोणाकडे आलं, तर तेवढा कोपरा कोरडा ठेवा.