भिंतीवरचा अबू रघदा आणि मी

मी एक जुना पेला आहे, मित्रांनो. कॉफीचा, बिनकानाचा, दोन घोटांत रिकामा होणारा. माझा जन्म खलील शहरातल्या कुंभाराच्या भट्टीतला... पण ते राहू द्या. आधी भीतीची गोष्ट सांगतो.

नाबलुसजवळच्या आमच्या निर्वासितांच्या छावणीत भिंतीभिंतीवर अबू रघदाची चित्रं होती. हातात बंदूक, नजर ताठ. पोरं म्हणत, आपल्या नेत्याला भीती ठाऊकच नाही.

मला त्याची बोटं ठाऊक होती. आभाळात ड्रोन घोंघावलं की ती माझ्याभोवती थरथरत. मग मीही तबकात किणकिणत असे. त्याची बायको, उम्म रघदा, मला झटकन उचलून घेई. कुणाला दिसू नये म्हणून.

एका दुपारी शेजारीण उम्म शुक्री, म्हणजे शुक्रीची आई, आली. तिने मला भरलेलंच खाली ठेवलं. आमच्याकडे मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही.

"पी की! विष नाही घातलेलं," अबू रघदा हसला.

"शुक्रीला तुझ्यामागे धाडलं आणि पुरला. आता धाकटा ताहेर तरी परत दे."

"मी काय बांधून ठेवलाय त्याला? आपल्या पायांनी आला."

"माझं ऐकत नाही मेला. तुझं ऐकेल."

माझ्यातली वाफ विरली.

"बरं. उद्या सांगतो त्याला, घरी जा म्हणून."

तिने मला एका दमात रिकामं केलं.

पहाटे सैनिक आले. अबू रघदा मारला गेला. ताहेरला काही सांगायचं राहूनच गेलं.

सुतकाच्या मांडवात कडू कॉफी फिरत होती. ताहेर बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. "आज बदला घ्यायचा," म्हणत होता. तेवढ्यात उम्म रघदा मला घेऊन सरळ पुरुषांत शिरली. तिथे बायका जात नाहीत.

"घरी जा, ताहेर. त्यानं तुझ्या आईला शब्द दिलाय."

"काहीतरीच काय, मावशी! तो वाघ होता."

"वाघ? ड्रोन आलं की याच पेल्यातली कॉफी सांडायची त्याच्या हातून. भ्यायचा तो. रोज."

"तोंड आवर, बाई!" एक म्हातारा गुरगुरला.

मी गारठलो. नवऱ्याचं उरलेलं एवढंच तर होतं तिच्याकडे, त्याचं नाव. तेही तिने देऊन टाकलं.

ताहेरने मला घेतलं. कॉफी त्याच्या गुडघ्यावर सांडली.

"मलाही भीती वाटते, मावशी," तो म्हणाला. सगळ्यांसमोर. बंदूक तिथेच ठेवून तो आईकडे गेला.

मित्रांनो, थरथरत्या हातातून मी पडलो, फुटलो, तरी चालेल. त्या हाताला हसू नका.