बुटातली वाळू

काळी वाळू दिसायला रेशमासारखी, पण उचलायला गेलं की कंबर धरते. साध्या वाळूची बादली एका हाताने नेणारा गडी हिच्या बादलीला मुकाट दोन्ही हात लावतो, कारण हिच्यात निम्म्याहून जास्त लोखंडाचे आणि टायटॅनियमचे कण. खाणीच्या प्रयोगशाळेत थोरली कित्येक वर्षं तेच मोजत आली होती. नमुना वाळवायचा, तोलायचा, वरून चुंबक फिरवायचं. चिकटलं ते एका वाटीत, उरलं ते दुसरीत. तिचा धाकटा भाऊ त्याच खाणीत बुलडोझर चालवायचा. "ताई, तू चिमटीने उचलतेस ती वाळू मी डोंगराने ढकलतो," असं चिडवायचा.

काल दुपारी वाळूचा कडा कोसळला आणि धाकटा त्याखाली गेला. बुलडोझर सापडला तो दार उघडं, आत कुणी नाही. म्हणजे गडी उडी टाकून पळाला होता. पण समुद्राकडे पळाला की रस्त्याकडे, ते बघायला कुणी थांबलंच नव्हतं. जो तो आपला जीव घेऊन धावत होता. मग दोन्ही बाजूंनी उकरणं सुरू झालं. काही नजरेतून सुटू नये म्हणून दोन्हीकडचा माल धुण्याच्या एकाच चाळणीवर ओतत होते. सकाळी त्या चाळणीवर त्याचा एक बूट आला.

मुकादम बूट घेऊन प्रयोगशाळेत आला. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, पण फरशीकडे बघून बोलत होता.

"ताई, कड्याला वर तडे गेलेत. दोन यंत्रं एकदम चालली तर उरलेलं सगळं खाली येईल आणि खणणारे जातील. एकच बाजू धरायचं ठरलंय. कुठली, ते या बुटातल्या वाळूवरून सांगता येईल?"

"येईल," ती म्हणाली.

न यायला काय झालं? समुद्राकडची वाळू बारीक, जड, जवळजवळ सगळीच चुंबकाकडे धावणारी. रस्त्याकडची जुन्या टेकाडाची. तिच्यात पांढऱ्या गारगोटीचे हलके कण भरपूर, लोखंड बेताचंच. आंधळ्यानेही हातावर घेऊन सांगावं एवढा फरक.

तिने बूट ताटलीत उपडा केला. ताटली भट्टीत ठेवली. रोज ठेवते तशीच ठेवली. हात आपले आपण चालत होते. डोळ्यात पाणी नाही, बोटाला कंप नाही. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि सख्खा भाऊ वाळूखाली असताना आपल्याला काही वाटत नाही याचीही तिला धड लाज वाटत नव्हती. चुंबक फिरवलं. जवळजवळ सगळी वाळू उडून चिकटली.

"समुद्राकडे," ती म्हणाली.

मुकादम धावतच गेला. रस्त्याकडचं यंत्र थांबवलं.

दुपार टळली तरी समुद्राकडे काही लागेना. आई फाटकाजवळच्या बाकावर बसून होती. तिच्यापाशी जाऊन बसायचं सोडून ही बया प्रयोगशाळेत ताटल्या धूत बसली. आता काय बोलायचं तिला? माणूस बधिर झाला की त्याला काम तेवढं सुचतं. रस्त्याकडच्या एका जुन्या नमुन्याची ताटली तिने नळाखाली धरली. पांढरे कण पाण्याबरोबर वाहून गेले, काळे तळाशी बसून राहिले. हे ती रोज बघायची. अख्खा कारखाना एवढ्या एकाच गोष्टीवर उभा आहे: पाणी मारलं की हलकं जातं आणि जड मागे राहतं.

आणि बूट आला होता चाळणीवरून, पाण्याच्या फवाऱ्याखालून.

बुटातलं हलकं तिथेच धुऊन गेलं होतं. तो कुठल्याही बाजूने निघाला असता तरी चुंबकाने तेच सांगितलं असतं. धुतलेल्या नमुन्यावरून जागा ठरवू नये, हे तिथल्या नवख्यालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि शिकवणारी हीच. भल्याभल्यांची अक्कल अशी ऐन वेळी गहाण पडते. नळ तसाच सोडून ती कड्याकडे निघाली.

"माझं चुकलं," तिने मुकादमाला सांगितलं. "ती वाळू धुतलेली होती. तिच्यावरून बाजू कळत नाही. आता रस्त्याकडे बघा."

"कशावरून?"

"इकडे सकाळपासून काही सापडत नाही, म्हणून. बाकी मला काही माहीत नाही."

मुकादमाच्या जिभेवर शिवी आली होती. ती त्याने गिळली आणि यंत्र वळवलं.

धाकटा दिवस मावळायच्या आत सापडला. रस्त्याकडे सिमेंटचा एक जुना पाइप पडून होता, त्यात तो शिरला होता. शिरताना पाय अडकून बूट तेवढा बाहेर राहिला. पाइपाची दोन्ही तोंडं वाळूने बुजली होती, आत मात्र माणूस बसेल एवढी पोकळी होती. "अंग अजून कोमट आहे," खणणाऱ्यांपैकी एक जण बोलून गेला, आणि मागे ती उभी आहे हे बघून त्याने जीभ चावली. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि नकारार्थी मान हलवली.

आईला सांगायला तीच गेली. आईने तिचा हात धरला.

"कडा पडला तेव्हाच गेला ना गं? फार वेळ नाही ना लागला माझ्या लेकराला?"

"नाही, आई. कालच गेला. पडला तेव्हाच."

"तू स्वतः तपासलंस?"

"हो. मीच तपासलं."

"तू तपासलंस ना, मग झालं," आई म्हणाली, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.